रोमन सम्राटांचं चांदीचं नाणं कसं वाचावं

रोमन सम्राटांचं नेहमीचं चांदीचं नाणं म्हणजे दिनारियस, व्यास जेमतेम 18-19 मिलिमीटर. ते कडांना धरून हाताळा आणि कृपा करून घासू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काहीच नको. काळपट थरासोबत अक्षरंही जातात.

आधी वजन करा. ऑगस्टसच्या काळात ते 3.9 ग्रॅमच्या आसपास असे. नीरोनं इसवी सन 64 मध्ये ते सुमारे 3.4 वर आणलं. कडेवर गोल फिरलेली सांध्याची रेघ दिसली तर ओतीव नक्कल समजून सावध व्हा. अस्सल नाणी दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्यानं पाडत, त्यामुळे चित्र एका बाजूला सरकलेलं असलं तरी बिचकू नका.

मग पुढच्या बाजूच्या चेहऱ्याकडे या. डोक्यावर पानांऐवजी सूर्यकिरणांचा मुकुट असेल, तर ते बहुधा सम्राट कॅराकॅलानं 215 मध्ये काढलेलं मोठं नाणं. भोवतीची अक्षरं बहुतेक वेळा डावीकडे खालून, घड्याळाच्या दिशेनं वाचायची. शब्द तोडलेले असतात आणि 'यू'च्या जागी 'व्ही' येतो. 'टीआर पी' म्हणजे ट्रिब्यूनचे, म्हणजे जनतेच्या प्रतिनिधीचे, अधिकार. ते दरवर्षी नव्यानं मोजले जात, म्हणून पुढे आकडा असला की साल हाती लागतं.

खरी मजा मागच्या बाजूला. आपण शंख-चक्रावरून विष्णू ओळखतो, तसंच इथे चेहरा सोडून हातातली वस्तू पाहा. तराजू असेल तर इक्विटास म्हणजे न्याय्यता, सुकाणू असेल तर फॉर्च्युना, सापाला भरवणारी सालुस म्हणजे आरोग्य.

ट्राजनचं एक नाणं घ्या. शस्त्रांच्या ढिगावर एक माणूस मान खाली घालून बसलाय, खाली 'डॅक कॅप', म्हणजे 'डेशिया (आजच्या रोमानियातला प्रदेश) जिंकला'. हा विजय 106 सालचा. कडेनं 'सीओएस व्ही', पाचव्यांदा कॉन्सल (रोममधलं एक सर्वोच्च पद), म्हणजे काळ 103 ते 111 मधला. हरलेल्या माणसाचं दुःख विजेत्यानं बाजारात फिरवलं, हे मला या नाण्यातलं सर्वांत बोलकं वाटतं.

सरावाला टायबेरियस निवडा. राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री, बाजूला 'पाँटिफ मॅक्झिम', म्हणजे प्रमुख पुरोहित. अनेकजण तिला सम्राटाची आई लिव्हिया म्हणतात, पण नाण्यावर तिचं नाव नाही, तेव्हा तुम्हीही ठामपणे लिहू नका. हाच नमुना दक्षिण भारतात, विशेषतः कोइमतूर परिसरातल्या साठ्यांत, भरपूर सापडला आहे.