थंडीत गाडी सकाळी उठतच नव्हती, घरीच केली ठीक

सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, मंग हात जरा मोकळे होते तं म्हटलं बाबाची जुनी कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हंजे पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनले देणारा भाग) गाडी यंदा आपणच उघडून पाहू. डिसेंबरात सकाळी चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढूनही किक मारून मारून पाय दुखे, दुपारी मात्र एका किकमध्ये चालू! इंजिन थंड असतानाच स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) काढला, टोकावर कोरडी काळी काजळी. तारेच्या ब्रशनं घासला, गॅप (टोकावरची फट) फीलर गेजनं, म्हंजे फट मोजायच्या पातळ पट्टीनं, ०.७ मिमी केला (गाडीगाडीचं वेगळं असते, मॅन्युअल पाहूनच करा बाप्पा). पण खरी गोम एअर फिल्टरमध्ये होती, फोमचा तो, काळ्या मातीची धूळ अन् कपाशीचे तंतू इतके की हवाच जात नव्हती, मंग पेट्रोल नीट जळत नाही अन् प्लग काळा पडते. रॉकेलमध्ये धुतला, वाळवला, थोडं इंजिन ऑइल लावून पिळून बसवला. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू ढिला केला तं जुन्या पेट्रोलसंग पाणीही निघालं. तेव्हा जवळ बिडी-काडी नको. चेनलेही तेल दिलं. आता दुसऱ्या किकले गाडी घेते, फक्त इंजिन तापलं की चोक आत लोटा, नाहीतं प्लग परत काळा.