पतंगाच्या शृंगिकेवर काम सुरू करताना

कीटकशास्त्रात एमएस्सी करताना गंधावर काम करायचंय, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कपाशीतला कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा, कधी उघडून पाहिलाय का? त्यातल्या ल्युअरमध्ये, म्हणजे गंधाच्या आमिषात, गॉसिप्ल्युअर असतं, म्हणजे गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधातली जवळजवळ सारखी दोन रसायनं, निम्मी-निम्मी. त्याच शेतातल्या हिरव्या बोंडअळीच्या नराला मात्र त्याचं काही वाटत नाही. विषय इथूनच सुरू होतो.

माझे पहिले चार महिने वाया गेले. नराची शृंगिका, म्हणजे वास घेणारी डोक्यावरची मिशी, मुळाशी कापायची, शेंडा किंचित छाटायचा, दोन इलेक्ट्रोडांच्या मधे जेलवर टेकवायची आणि गंधाची फुंकर सोडायची. शृंगिकेला वास आला की तिचा विद्युत संकेत दाखवणारी पडद्यावरची रेषा झपकन खाली जाते. माझी रेषा कोऱ्या हवेलाही खाली जायची! ल्युअर हाताळलेल्याच हातमोज्यांनी मी कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या बिनवासाच्या, कागदपट्ट्या नळीत भरत होते. वास आपल्याला येत नाही, म्हणून तो नाहीच असं धरून चाललं होतं.

शृंगिकेचं नाक किती तिखट असतं ते तेव्हा कळलं. १९५९ साली रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांच्या गटाने रेशीमपतंगाच्या मादीचा कामगंध, बॉम्बिकॉल, ओळखला, त्यासाठी सुमारे ५ लाख माद्या लागल्या होत्या. नराला मात्र मोजके रेणू पुरतात. शृंगिकेवरच्या केसांच्या छिद्रांतून तेलकट रेणू आत शिरतो, तिथल्या पाणीदार द्रवातून एक वाहक प्रथिन त्याला ग्राहकापर्यंत (रिसेप्टर, चेतापेशीवरचं गंध टिपणारं प्रथिन) नेतं, आणि चेतापेशी पेटते.

हे ग्राहक बहुधा वनस्पतींचा वास टिपणाऱ्या जुन्या ग्राहकांतूनच घडले. पण नर आपल्याच जातीच्या मादीकडे का जातो, याचं सगळं उत्तर ग्राहकात शोधू नका. मीही तीच चूक केली. युरोपातल्या मका पोखरणाऱ्या अळीच्या दोन वाणांत मादीच्या गंधातल्या दोन रसायनांचं प्रमाण अगदी उलट, एकात ९७:३ तर दुसऱ्यात जवळपास १:९९. मादीतला फरक रसायन बनवणाऱ्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात निघाला. नराची आवड बदलणारं जनुक २०२१ मध्ये सापडलं, तेव्हा ते ग्राहकाचं नव्हतंच. दुसरी जनुकं चालू-बंद करणारं होतं. मग दोघं एकत्र कसे बदलले? मला अजून झोपू न देणारा प्रश्न हाच.

पण जनुकांआधी कोष ओळखायला शिका. भिंगाखाली पोटाकडची बाजू बघायची: जननछिद्र आठव्या खंडावर असेल तर मादी, नवव्यावर असेल तर नर. पतंग बाहेर येण्याआधीच दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. नरांच्या पिंजऱ्यात एक मादी राहिली, तर त्या रात्रीचे सगळे नर बाद.