दक्षिण अमेरिकेच्या टोकाची क्रूझ: किनाऱ्यावर उतरताना या चुका टाळा

ब्युनोस आयरेसहून निघून केप हॉर्न या दक्षिण टोकाला वळसा घालत चिलीपर्यंत जाणाऱ्या जहाजांवर मी तीनदा प्रवास केला आहे, आणि प्रत्येक वेळी उत्साही प्रवाशांना त्याच चुकांपायी हळहळताना पाहिले आहे.

त्यांतली सर्वांत मोठी चूक म्हणजे कार्यक्रमात छापलेले प्रत्येक बंदर मिळणारच, असे गृहीत धरणे. फॉकलंड बेटांवरील स्टॅन्ली येथे मोठी जहाजे बाहेरच नांगर टाकतात व प्रवाशांना लहान बोटींतून गावात नेतात. वारा वाढला की या बोटी थांबतात. पहिल्या खेपेला मी किंग पेंग्विन पाहण्यासाठी व्हॉलंटिअर पॉइंटची गाडी सहा महिने आधी, पैसे परत न मिळण्याच्या अटीवर, परस्पर ठरवली होती. त्या सकाळी लख्ख ऊन पडले होते, किनारा डोळ्यांसमोर होता, पण लाटांवर सर्वत्र पांढरा फेस दिसत होता. दोनदा वाट पाहण्याची घोषणा झाली आणि मग नांगर उचलला गेला. पैसे गेले, पेंग्विनही गेले. काही सहप्रवासी कप्तानावर संतापले, ते मला आजही पटत नाही. ज्या लाटांवर सत्तरीच्या माणसाला बोटीत पाऊल टाकता येत नाही, त्या लाटांवर कोणालाच उतरवू नये. आता स्टॅन्लीसाठी मी जहाजाचीच सहल घेते, कारण बंदर रद्द झाले तर ते पैसे परत मिळतात. आणि वेळ थोडा असेल तर गावाजवळच्या जिप्सी कोव्ह या छोट्या किनाऱ्यावर समाधान मानते.

दुसरी चूक घाईची आणि काटकसरीची आहे. अर्जेंटिनातील पुएर्तो माद्रिन बंदराहून पुंता तोंबोची मॅगेलन पेंग्विनांची वसाहत सुमारे १८० किलोमीटरवर असून केवळ जाण्यालाच अडीच तास लागतात. स्वस्त टॅक्सी ठरवणारे हा हिशोब करत नाहीत. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. मी परस्पर गाडी घेतलीच, तर परतण्याच्या अंतिम मुदतीआधी दोन तास हाताशी ठेवते आणि मोबाईलवर नव्हे, जहाजाच्या वेळेला लावलेल्या मनगटी घड्याळावर विसंबते.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआइया बंदरात बीगल खाडीची सहल घेण्यापूर्वी जहाजाचा मार्ग पाहावा. अनेक जहाजे त्याच खाडीतून जातात, मग तो दिवस तिएर्रा देल फ्युएगो राष्ट्रीय उद्यानाला द्यावा. पॅटागोनियाच्या, म्हणजे खंडाच्या या दक्षिण भागाच्या, वाऱ्यात छत्री टिकत नाही, टोपीसह वारारोधक जाकीट न्यावे. चिलीत उतरताना फळे, बिया किंवा मध पिशवीत ठेवू नये, आणि घरचा खाऊ असल्यास तो प्रवेशाच्या वेळी भरायच्या अर्जात नोंदवावा. जहाज अर्जेंटिनात पुन्हा प्रवेश करत असल्यास अनेक प्रवेशांची मुभा असलेला व्हिसा आहे ना, हे तिकिटाआधी तपासावे. अर्जेंटिनाहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा दाखला लागतो, आणि लस घेतल्यानंतर १० दिवसांनीच तो ग्राह्य धरला जातो. त्यामुळे सामान भरण्याच्या आठवड्यात लसीकरण केंद्र शोधत फिरणे उपयोगाचे नसते.