शेल स्क्रिप्टमधला $ आणि कोट्सचा घोळ: या चुका टाळा

पासवर्ड बरोबर, हाताने टाकला की लॉगिन होतंय, स्क्रिप्टमधून मात्र दरवेळी फेल. माझा यात अख्खा दिवस गेला होता. पासवर्डमध्ये $$ होतं, मी तो डबल कोटमध्ये लिहिलेला, आणि $$ म्हणजे शेलचा (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा) स्वतःचा प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रामला मिळणारा नंबर, त्यामुळे प्रत्येक रनला वेगळाच पासवर्ड जात होता!

तर पहिली चूक हीच, सवयीने सगळीकडे डबल कोट. त्याच्या आत $, ` आणि \ जागेच असतात. "$500" लिहिलं की शेल $5, म्हणजे पाचवं आर्ग्युमेंट शोधतं, ते नसलं की हातात उरतं नुसतं 00. एरर पण येत नाही. व्हेरिएबल भरायचा नसेल तर सरळ सिंगल कोट वापरा, त्यात कशालाच स्पेशल अर्थ नसतो.

अगदी \ ला सुद्धा नाही, आणि इथेच पुढचा घोळ. सिंगल कोटच्या आत सिंगल कोट हवा म्हणून लोक \' करतात, पण स्ट्रिंग तिथेच बंद होते, मग शेल जोडीचा कोट शोधत पार फाईलच्या शेवटापर्यंत जातं आणि तुम्ही भलत्याच ओळीवर चूक शोधत बसता. इलाज म्हणजे '\'' . कोट बंद करा, बाहेर एक एस्केप केलेला (म्हणजे आधी \ लावलेला) कोट टाका, परत उघडा:

'हे '\''खास'\'' आहे'

दिसायला भयानक आहे, मान्य.

! चं वेगळंच. बॅश नावाच्या शेलमध्ये टर्मिनलवर तो हिस्टरी, म्हणजे आधी टाकलेल्या कमांड, उकरतो, स्क्रिप्टमध्ये ते बाय डीफॉल्ट बंद असतं, त्यामुळे तिथे "\!" केलंत तर उलट \ तसाच छापून येतो.

आणि कोट्स सगळे बरोबर असूनही सेड (sed, मजकूर शोधून बदलणारी कमांड) गंडत असेल तर दोष शेलचा नाही. शेलचं वाचून झाल्यावर सेड तीच स्ट्रिंग स्वतःच्या नियमांनी परत वाचतं, रिप्लेसमेंटमध्ये & आला की तिथे सापडलेला मजकूर घुसतो आणि / आला की कमांडच तुटते. पाथ असेल तर / ऐवजी | डिलिमिटर (भाग वेगळे करणारं चिन्ह) घ्या, & ला मात्र \& करावंच लागतं. एसएसएच वरून दुसऱ्या मशीनवर कमांड पाठवताना पण असंच, पलीकडचं शेल ती पुन्हा उलगडतं.

काहीच कळेना तर बॅशला -x लावून (bash -x) स्क्रिप्ट चालवा, प्रत्येक कमांड व्हेरिएबल भरल्यावर कशी झाली ते दिसतं. फक्त त्यात पासवर्ड पण उघडा छापला जातो, ते आउटपुट तसंच कुणाला पाठवू नका.