हेलिकेजवर प्रोजेक्ट मिळालाय? आधी कंट्रोलचा ग्रेडियंट लावा

लॅबमध्ये आलो तेव्हा मला डीएचआर१ दिलं, यीस्टचं हेलिकेज. बारावीपासून हेलिकेज म्हणजे डीएनए उघडणारं एवढंच डोक्यात, हे बाबा आरएनएवर काम करतं हे कळायलाच आठवडा गेला. (एसजीडीवर, म्हणजे यीस्टच्या जीन्सच्या डेटाबेसवर, ते ईसीएम१६ नावाने आहे, शोधत बसू नका.)

काम काय, तर यू३ नावाचा छोटा आरएनए १८एसच्या (रायबोसोमच्या छोट्या भागातला आरएनए) कच्च्या धाग्याला जोड्या लावून धरून बसतो, स्लॅबखालच्या सेंट्रिंगसारखा. पण १८एसची मधली गाठ, म्हणजे सेंट्रल स्यूडोनॉट, जिथे बसायची नेमकी तीच जागा यू३ने अडवलेली, त्यामुळे वेळ आली की सेंट्रिंग काढावंच लागतं. ते काढणारा मिस्त्री डीएचआर१, एटीपी खर्चून काढतो, आणि त्याला चालना देतं यूटीपी१४ हे प्रोटीन.

जीन अत्यावश्यक आहे, डिलीट केलं की यीस्ट मेलंच, म्हणून गॅल१ प्रमोटर, म्हणजे जीनचा स्विच, वापरतात: गॅलॅक्टोजमध्ये चालू, ग्लुकोजमध्ये बंद. इथेच मी आपटलो. प्रोटीन बनणं थांबलं तरी जुने रायबोसोम असतातच, पेशी विभागतील तसे ते वाटले जातात, म्हणून परिणाम दिसायला बरेच तास लागतात. मी कल्चर रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी सुक्रोज ग्रेडियंट (साखरेच्या द्रावणात फिरवून रायबोसोमचे भाग आकार-वजनाप्रमाणे वेगळे करणं) लावला, पॉलिसोम (एका एमआरएनएवर कामाला लागलेली रायबोसोमांची रांग) गायब आणि ८०एसचा, म्हणजे सुट्या पूर्ण रायबोसोमचा, भलामोठा पीक! मी खूश. सरांनी एवढंच विचारलं, कंट्रोल कुठाय? लावला, तर वाइल्ड टाइपमध्येपण (जीनला हात न लावलेलं यीस्ट) सेम टू सेम. ग्लुकोज संपलं की यीस्ट काही मिनिटांत ट्रान्सलेशन, म्हणजे प्रोटीन बनवणं, आवरतं घेतं, माझा शोध म्हणजे नुसती यीस्टची उपासमार होती.

मग दर दोन-तीन तासांनी ताज्या कोमट वायपीडीत (ग्लुकोजवालं मीडियम) डायल्यूट करत बसलो, ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशी किती याचं माप) ०.५च्या आसपास ठेवून हार्वेस्ट. तेव्हा खरं चित्र आलं: ४०एस (रायबोसोमचा छोटा भाग) कमी, मोकळं ६०एस (मोठा भाग) जास्त, कारण त्याला जोडीदारच मिळत नाही.

पण एवढ्याने यू३ सोडवणं सिद्ध होत नाही हां, प्रोटीन नुसतं आधाराला लागत असेल तरी असंच दिसेल. त्यासाठी एटीपी तोडू न शकणारा म्युटंट करायचा, त्यात प्रोटीन असतं पण यू३ कच्च्या ४०एसवर अडकून राहतो, नॉर्दर्नमध्ये (ठरावीक आरएनए ओळखायची ब्लॉट टेस्ट) तो ग्रेडियंटच्या जड फ्रॅक्शनमध्ये दिसतो. म्हणून ग्रेडियंटचे फ्रॅक्शन उणे ८०ला ठेवा, मी पहिल्यांदाचे सगळे बेसिनमध्ये ओतले होते.