बाप्तिस्म्याची वही आणि माझा परत आलेला निबंध

माझा पहिला शोधनिबंध परत आला तो एका शब्दापायी. कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या वहीत पानोपानी ‘बाप्तिस्मा’, म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी, दिसला आणि मी बेधडक लिहून टाकलं की इथं बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचं मिशन होतं. परीक्षकानं एवढंच विचारलं होतं: वयाचा रकाना वाचलात का?

मुकाट्यानं परत गेले. वही सांभाळणाऱ्या काकूंनी चहा ठेवला आणि ट्रंकेतून पिशवी काढली. फुलस्केप कागद, कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई चहाच्या रंगाची झालेली. नाव, बापाचं नाव, वय, तारीख, विधी कुणी केला, शेरा. वयाखाली बघते तर ‘तीन महिने’, ‘पाच महिने’, ‘दीड वर्ष’. बॅप्टिस्ट तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतच नाहीत. ज्यानं स्वतः विश्वास कबूल केला त्यालाच देतात, तोही पाण्यात पुरता बुडवून. दोन बोटं रुंदीच्या रकान्यानं माझा अख्खा निबंध निकालात काढला होता.

तर मिशनांच्या इतिहासावर लिहायचं असेल तर आधी पंथ नक्की करा. कोल्हापुरात मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली आले ते अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेतर्फे. पुढं इथलं काम प्रेसबिटेरियनांकडं गेलं, तो पंथ बाळांनाही बाप्तिस्मा देतो. बॅप्टिस्ट नव्हेतच. म्हणून बॅप्टिस्ट इतिहासाशी आपला संबंध नाही असं मात्र समजू नका. विल्यम केरी बॅप्टिस्ट होते. बंगालमधल्या श्रीरामपुरात बसून त्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण काढलं आणि १८१० साली कोश, मदतीला पंडित वैजनाथ. त्या कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेत. मोडी वाचता येत असेल तर इथं तुम्ही ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाच्या एक पाऊल पुढं आहात, हे विसरू नका.

दुसरा धागा त्याहून मजेचा. १८१२ साली अमेरिकेतून पाच तरुण मिशनरी निघाले. त्यातले जडसन आणि राइस कलकत्त्यात पोचल्यावर बॅप्टिस्ट झाले. हॉल आणि नॉट आपल्या जुन्या मतावर राहिले आणि १८१३ साली मुंबईला येऊन त्यांनी मराठी मिशन उभं केलं. वाद कशावरून? बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की नाही. म्हणजे माझ्या वहीतला तोच रकाना! यावर मराठी बाजूनं लिहायला अजून भरपूर जागा आहे.

विषय मात्र लहान घ्या. ‘महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्म’ असलं काही नको. एक वही, एक प्रश्न, वीस वर्षं, बस. वहीचा फोटो काढण्याआधी पाळकसाहेबांची लेखी परवानगी घ्या. फोटोचा क्रमांक आणि पान नंबर त्याच दिवशी टिपून ठेवा, रात्री घरी येऊन आठवत नाही. सनावळी जपा: शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते साधारण मार्चपर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. एकाच माणसाला कुणी वैल्डर लिहितं, कुणी वाइल्डर. उतारा जसाच्या तसा द्या, तुमच्या मजकुरात एकच रूप ठेवा.

पूरक साधनं शोधायला १८४२ पासूनचं ख्रिस्ती नियतकालिक ‘ज्ञानोदय’ सोडू नका. बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची कागदपत्रं ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजात, अँगस लायब्ररीत आहेत. नेमका प्रश्न घेऊन ई-मेल करा. ‘सगळं पाठवा’ म्हटलं की कोण पाठवणार?

आता छापायचं कुठं. ‘तीन दिवसांत प्रसिद्ध करतो, दीड हजार भरा’ म्हणणाऱ्या एका नियतकालिकाला मी पैसे भरले होते. प्रमाणपत्र आलं, रंगीत. निबंध कुणी वाचलाच नव्हता. शीर्षकातली माझी चूकसुद्धा तशीच छापलेली. बॅप्टिस्ट विषयांना इंग्लंडचं ‘बॅप्टिस्ट क्वार्टर्ली’ १९२२ पासून आहे, अमेरिकेचं ‘बॅप्टिस्ट हिस्ट्री अँड हेरिटेज’ १९६५ पासून. पाठवण्याआधी दोन वर्षांचे अंक चाळा, तळटीपा ते कशा देतात तशाच द्या. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं. उत्तराला महिने लागतात, तोवर फोन करू नका.

परीक्षकाचे शेरे आले की पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका, राग जाऊ द्या. मग प्रत्येक शेऱ्याखाली लिहा: काय बदललं, कुठल्या पानावर. पटलं नाही तर वहीचा पुरावा देऊन नाही म्हणा, चालतं.

आणि प्रूफ आलं की नावं वाचायला वही सांभाळणाऱ्यांनाच बसवा. काकूंनी चष्मा लावून माझं प्रूफ वाचलं आणि दुसऱ्याच पानावर बोट ठेवलं. ‘दाजी’ नव्हे गं, ‘दाजीबा’. माझे आजे.