अमेरिकेत इंजिनीअरिंगसोबत ऑनर्स: आधी क्रेडिटचं गणित मांडा

ऑनर्स प्रोग्राम म्हणजे निवडक विद्यार्थ्यांसाठी नेहमीच्या पदवीसोबतच चालणारा, जास्त खोलात जाणारा अभ्यासक्रम. त्याच्या माहितीपत्रकात छोटे वर्ग, वेगळं वसतिगृह आणि इतरांच्या आधी कोर्स निवडायची मुभा, एवढंच ठळक दिसतं. इंजिनीअरिंगवाल्याने शोधायचं ते वेगळंच असतं: ऑनर्सची क्रेडिट्स (कोर्सचा भार मोजायचं माप) पदवीच्या पोटात बसतात की वरून चढतात?

शाखेचा आठ सेमिस्टरचा आराखडा, कोणत्या कोर्सआधी कोणता पूर्ण हवा याचा तक्ता आणि ऑनर्सच्या अटी, असे तीन कागद शेजारी ठेवा. पदवी साधारण 120 ते 130 क्रेडिटची असते. अबेट या इंजिनीअरिंग अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमात गणित व मूलभूत विज्ञानाची किमान 30 आणि इंजिनीअरिंग विषयांची किमान 45 सेमिस्टर क्रेडिट्स लागतातच, त्यामुळे मोकळी जागा थोडीच उरते. अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजात पहिल्या वर्षापासून आलेल्याला 36 ऑनर्स क्रेडिट्स लागतात, प्रबंध त्यातच. आकडा दचकवतो खरा, पण यातली बरीचशी पदवीला लागणाऱ्या कोर्समधूनच कमावता येतात. तुमच्या आराखड्यात अशी कोणती, ते पेन्सिलने खुणा करून पाहा.

कॅल्क्युलस, फिजिक्सच्या ऑनर्स तुकड्या सोयीच्या वाटतात. मात्र ऑनर्स कॅल्क्युलस अनेकदा सिद्धतांवर भर देणारं असतं. उदाहरणं सोडवण्यात तरबेज असलेलाही तिथे अडखळतो आणि जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, घसरतो. तो ठरावीक रेषेखाली गेला की ऑनर्समधून नावच कमी होऊ शकतं. मानव्यविद्यांची सक्तीची क्रेडिट्स ऑनर्स सेमिनारमधून भागवणं त्या मानाने सुरक्षित.

वरच्या वर्षांत ऑनर्स तुकड्या विरळ होतात. तिथे कामाला येतो ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट: नेहमीच्या कोर्समध्ये प्राध्यापकांशी लेखी ठरवलेलं जादा काम. अर्जाची मुदत बहुधा सेमिस्टरच्या पहिल्या काही आठवड्यांतच संपते, म्हणून वर्ग सुरू होण्याआधीच विचारा. ‘जास्तीची गणितं’ हा कंटाळवाणा करार. प्रयोगशाळा किंवा डिझाइनच्या कोर्सला जोडलेलं सिम्युलेशन वा चाचणी पुढे प्रबंधालाही उपयोगी पडते.

प्रबंध आणि शेवटच्या वर्षाचा कॅपस्टोन प्रकल्प ही सगळ्यात मोठी गाठ. दोन्ही वेगळे करायचे तर शेवटचं वर्ष पिळून निघतं. कॅपस्टोनवरच प्रबंध चालतो का, हे ऑनर्स ऑफिस आणि शाखा दोघांकडून ईमेलवर लिहून घ्या. चालत असेल तरी दोन अडचणी राहतात. कॅपस्टोन टीमचा असतो, तेव्हा तुमचा स्वतंत्र भाग दाखवावा लागतो. आणि प्रकल्प कंपनीने दिलेला असेल तर गोपनीयतेचा करार असू शकतो, तर प्रबंध विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात जातो. मार्गदर्शक तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच शोधा.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट्स लागतात आणि त्यात ऑनलाइन कोर्सची 3 पर्यंतच धरली जातात. म्हणून 15 घ्या. 3 क्रेडिटचा ऑनर्स कोर्स अर्ध्यात सोडावा लागला तरी 12 उरतात.

को-ऑपसाठी, म्हणजे शिकता शिकता कंपनीत काम करायला, एक सेमिस्टर बाहेर गेल्यास ऑनर्स थांबवता येतं का आणि ऑनर्सची वेगळी फी आहे का, हेही विचारा. शेवटी ऑनर्स ऑफिसला एक अवघड प्रश्न टाका: तुमच्या शाखेतून किती जण शिरले आणि किती जण प्रबंधापर्यंत पोहोचले?